कंट्रोलची वाटी

विद्यापीठाच्या सामाईक प्रयोगशाळेत काकांना नावानं कोणीच हाक मारत नसे. विद्यार्थी तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे कंट्रोलकाका. हे पाठीमागचं नाव काकांच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. तसं दाखवायची मात्र त्यांची तयारी नव्हती.

नाव पडलं ते त्यांच्या हट्टापायी. काकांच्या ताब्यात डीएनए वाचणारं यंत्र होतं. डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. यंत्र तो एकेक अक्षर करून वाचायचं, प्रत्येक अक्षराला एक रंग दाखवायचं. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शंभराहून थोड्या कमी अशा इवल्या इवल्या वाट्या असत आणि एकेका वाटीत एकेकाचं सॅम्पल. कोणी बुरशीचं आणलेलं, कोणी माशाचं, कोणी दवाखान्यातून आलेल्या जंतूंचं. त्यातली एक वाटी मात्र कोणाचीच नसे. तिच्यात काका कंट्रोल घालत, म्हणजे ज्याचं अक्षरन् अक्षर आधीपासून माहीत आहे असं सॅम्पल. ते यंत्रानं बरोबर वाचलं तर बाकीच्यांचंही बरोबर वाचलं असणार, असा सरळ हिशेब. उत्तर स्वतःला माहीत असलेला एक प्रश्न मास्तर मुद्दाम विचारतात, त्यातलाच प्रकार.

निकाल आले की पोरं धावत येत.

"काका, माझं आलं!"

"कंट्रोल बघितलास?"

"नाही, पण माझं एकदम स्वच्छ..."

"मग तुझं काही आलेलं नाही. आधी कंट्रोल बघ."

ती एक वाटी बळकावायचा प्रयत्न कोणी कोणी केला नाही? एक बडे प्राध्यापक स्वतः जिने चढून आले होते. घामाघूम होऊन म्हणाले, "एकाच वाटीचा तर प्रश्न आहे, कोणाच्या लक्षात येणार?" काका म्हणाले, "साहेब, घराची किल्ली एकच तर असते." प्राध्यापक महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांचं काही अडलं नाही.

एवढा कडक माणूस दुपारी मात्र दानशूर व्हायचा. प्लेट लावायच्या आधी कधी चार-दोन वाट्या रिकाम्या राहत. भरलेल्या असोत की रिकाम्या, यंत्राला वेळ तेवढाच लागायचा. मग काका दार उघडून बोलत, "आज तीन उरल्या." कॉरिडॉरमध्ये थर्माकोलच्या डब्यांत बर्फ घालून, बर्फात नळ्या खोचून पोरं रांगेत उभीच असत. जो पुढे त्याला वाटी. ओळख नाही, वशिला नाही. कित्येकांचं अडलेलं काम त्या उरल्या वाट्यांवर पार पडलं होतं. नोकरीला लागल्यावर त्यातले काही आवर्जून भेटायला येत आणि काका त्यांना ओळखत नसत. त्यांना माणसांपेक्षा सॅम्पलं लक्षात राहायची.

त्या रांगेत एका मुलीला मज्जाव होता. काकांच्या स्वतःच्या लेकीला.

लेक त्याच विद्यापीठात संशोधनाला लागली, तेव्हा काकांनी तिला जेवता जेवता बजावलं होतं, "तू उरल्या वाट्यांच्या रांगेत उभी राहायचं नाहीस. पहिली असलीस तरी लोक म्हणतील बापानं दिली. आगाऊ नोंद कर आणि नंबर लागेपर्यंत थांब."

"आणि तिथं तुम्हाला बाबा म्हणायचं का?"

"काका म्हण. सगळे म्हणतात."

लेकही बापाच्याच वळणावर गेलेली. ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी येऊन "काका, माझी नोंद होती" म्हणू लागली. काकू औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहत. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून त्यांना बापलेकीचं हे नाटक बघायला त्राण उरत नसे. त्या एवढंच म्हणत, "अहो, परक्याच्या पोराला जे मिळतं, ते तरी आपल्या पोरीला मिळू द्या." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत.

लेकीचा विषय होता गोगलगाय. एका जुन्या दगडखाणीच्या तळाशी झरा होता आणि त्या झऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. ही जात जगात दुसरीकडे कुठंच नाही, असं तिचं म्हणणं होतं. डीएनएच्या एका तुकड्यात जी काही अक्षरं वेगळी आली होती, त्यांवर तिचा सगळा प्रबंध उभा होता. मधल्या काळात रस्त्याचं काम निघालं आणि खाण भराव घालून बुजवली. झरा गेला, गोगलगायी गेल्या. लेकीजवळ उरला तो नळीच्या तळाशी डीएनएचा एक थेंब.

आणि नेमकं त्याच वेळी नवं यंत्र आलं.

आलं म्हणजे कॉरिडॉरमध्ये येऊन पडलं. एवढं थोरलं लाकडी खोकं की येणारा-जाणारा त्याच्यावर गुडघा आपटूनच पुढे जायचा. खोक्यावर एक स्टिकर होता. खोकं कलंडलं तर तो लाल होणार होता, म्हणून पोरं रोज वाकून वाकून त्याची तब्येत बघायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तर हवेतच होत्या. जुनं यंत्र वर्षभरात जेवढं वाचायचं तेवढं हे एका दमात वाचणार होतं. सगळ्यांची सॅम्पलं खुणा लावून एकाच नळीत मिसळायची आणि यंत्रात सोडून द्यायची. मॅडम म्हणाल्या, "काका, आता वाट्या वाटत बसायला नको तुम्हाला."

"थोडीच सॅम्पलं असतील त्यांनी काय करायचं, मॅडम?"

"सगळ्यांची मिळून पुरेशी जमेपर्यंत थांबायचं. नाहीतर बाहेरगावी पाठवायची."

खोलीत न हादरणारं दगडी टेबल एकच होतं. तेव्हा आधी जुनं यंत्र हलणार आणि मग नवं बसणार. जुनं कंपनी परत नेणार होती, तसा करारच होता. इंजिनियरच्या येण्याची तारीख ठरली. जुन्या यंत्रावर काय वाचून घ्यायचं ते आताच, हे कळल्यावर सगळ्या विभागांची झुंबड उडाली आणि उरल्यासुरल्या प्लेटा बघता बघता भरून गेल्या.

नोंद बंद झाली आणि पाठोपाठ लेकीच्या बाहेरच्या परीक्षकांचा अभिप्राय आला. प्रबंध आवडला होता. पण तुमच्याकडचं यंत्र थकलंय, रंगांत गल्लत करतं, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. वेगळी आलेली अक्षरं गोगलगायीची की यंत्राची? त्याच यंत्रावर पुन्हा एकदा वाचून दाखवा, तेच आलं तर माझी हरकत नाही. जुने निकाल याच यंत्राचे, तेव्हा ताडून बघायचं तेही याच यंत्रावर, दुसऱ्या यंत्रावर वाचलेलं चालणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

परीक्षकांचं काही चुकलं नव्हतं. यंत्राचा लेझर, म्हणजे अक्षरांचे रंग उजळवणारा दिवा, खरंच थकला होता. कधी हिरव्याखाली निळं डोकवायचं, कधी काळ्याच्या जागी लाल उमटायचं. काका कंट्रोल बघून सांगायचे, "आज इथं इथं चुकतंय, तेवढं सांभाळून वाचा." म्हाताऱ्या माणसाचं बोलणं घरच्यांनी समजावून सांगावं, तसं चाललं होतं.

लेकीनं ही हकिकत घरी जेवताना सांगितली. मागितलं काहीच नाही. ताटातल्या ताटात घास इकडून तिकडे करत राहिली. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि काका भिंतीकडे.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेला माणूस, त्याला मागायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. मॅडमकडे जाऊन म्हणाले, "एक प्लेट जास्तीची लावता आली असती तर..." मॅडम म्हणाल्या, "काका, तारीख माझ्या हातात नाही." कंपनीच्या इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, "काका, तो लेझर आचके देतोय. शेवटची प्लेट पार पडली तरी देवाचे आभार माना." मग एक दिवस मनाचा हिय्या करून ते बुरशीवाल्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. तिथल्या एका मुलाच्या शेवटच्या प्लेटमध्ये डझनभर वाट्या होत्या. त्यातली एक मागायची, बस्स. मुलगा त्यांना दारात बघून ताडकन उठला.

"काका? माझं काही चुकलं का?"

काकांनी टेबलावरच्या नळ्यांकडे बघितलं.

"नळ्यांची झाकणं नीट लावत जा," असं म्हणून ते परत फिरले. जिन्यात थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले. स्वतःच्या पोरीसाठी एक वाटी मागायला आपली जीभ रेटत नाही, याची त्यांना विलक्षण चीड आली. तत्त्व नव्हतं ते, निव्वळ ताठा होता. इतकी वर्षं तो ताठा आपण पोरीच्या जिवावर मिरवला, हे त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं.

शेवटच्या प्लेटचा दिवस उजाडला. दुपारी काकांनी सवयीनं दार उघडलं आणि बाहेर बघितलं. खोक्याला वळसा घालून बर्फाच्या डब्यांची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. आणि रांगेच्या शेवटी, थर्माकोलचा डबा छातीशी धरून, लेक उभी होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या रांगेत आली होती. तिनं बापाच्या नजरेला नजर दिली नाही.

काका म्हणाले, "आज एकही उरली नाही." आवाज नेहमीसारखा निघाला. पोरं कुरकुरली, एकदोघांनी यंत्राला दुरूनच नमस्कार केला आणि पांगली. लेक जागची हलली नाही. तिच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं.

"ठीक आहे, काका," ती म्हणाली. "येऊन तर बघावं म्हटलं." डब्याचं झाकण तिनं दोनदा उलटं लावलं.

"इकडे आण ती नळी."

"उरली नाही म्हणालात ना?"

"आत्ताच एकानं माघार घेतली."

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं, की ते दुसरंच कोणी बोलल्यासारखं त्यांना वाटलं. लेकीनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिला खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं. हा माणूस तिच्या वाढदिवसालाही खोटं बोलला नव्हता. शाळेत तिनं काढलेला घोडा बघून 'हा कुत्रा आहे' असं सरळ सांगणारा बाप.

"एवढंच उरलंय," नळी देताना ती म्हणाली. "सगळंच घातलंय मी त्यात. मागे काही ठेवलेलं नाही." आणि मग, कॉरिडॉरमध्ये कोणी नाही हे बघून, हळूच म्हणाली, "थँक्यू, बाबा."

काका आत आले, दार लावलं आणि प्लेटसमोर बसले. सगळ्या वाट्या भरलेल्या होत्या, एक सोडून. कंट्रोलची नळी हाताशीच होती. त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. गेले काही दिवस यंत्र शहाण्यासारखं वागतंय. कालच्या कंट्रोलमध्ये एकही अक्षर चुकलं नव्हतं. काल नाही चुकलं तर आज कशाला चुकेल? हाच युक्तिवाद करणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी हाकलून दिलं होतं. त्यातल्या एकाला तर म्हणाले होते, काल जेवला होतास म्हणून आज उपाशी राहतोस का? ते सगळं आठवलं. हात थांबला. मग जिन्यातली ती चीड आठवली, उलटं लागलेलं झाकण आठवलं, आणि त्यांनी कंट्रोलची नळी बाजूला ठेवून लेकीचा थेंब त्या वाटीत सोडला.

प्लेट आत गेली. यंत्राचं दार लागलं. काकांना हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बाप झाल्यासारखं वाटलं.

प्लेट वाचून झाली तसा इंजिनियर आला आणि त्यानं यंत्र उलगडायला घेतलं. लेझर काढून हातात धरला आणि म्हणाला, "याच्यात काही राम उरला नव्हता, काका. शेवटी शेवटी काय वाचलं असेल कोण जाणे." काका नुसते हसले. माणसं बोलावून यंत्र खाली नेलं गेलं. दगडी टेबलावर त्याच्या पायांचे फिक्कट ठसे तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल कॉम्प्युटरवर आले. दारात नेहमीसारखी गर्दी जमली. पण काकांनी आधी लेकीला आत बोलावलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि आपण मागे उभे राहिले. हेही पहिल्यांदाच. लेकीनं आपली फाइल उघडली. रंगीत रेघांचे डोंगर, एकेका अक्षराचा एकेक, पडद्यावर उभे राहिले. वेगळी अक्षरं जिथं यायला हवी होती तिथं आली होती. आणखी दोन-तीन ठिकाणीही वेगळी आली होती, जिथं मागच्या वेळी नव्हती. काही डोंगरांखाली दुसऱ्या रंगाचे बुटके डोंगर डोकावत होते. तिचा चेहरा आधी उजळला, मग जरा गोंधळला. आणि मग तिचा हात आपोआप माऊसवर गेला. लहानपणापासून घरात जे ऐकलं होतं, ते तो हात करायला निघाला होता. तिनं फाइलींची यादी वर सरकवली, खाली सरकवली, पुन्हा वर सरकवली.

"काका," ती म्हणाली, "कंट्रोल कुठंय?"

काकांनी टेबलाची कड धरली.

"कोणी माघार घेतली होती काल?" तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. तिला कळलं होतं.

"तुझं काम व्हावं म्हणून..." काका म्हणाले.

लेक पडद्याकडे बघत राहिली. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती, तिला ते याच माणसानं शिकवलं होतं. ही अक्षरं गोगलगायीची असतील किंवा मरणाऱ्या लेझरची असतील, ते आता कोणालाच कधीच सांगता येणार नव्हतं. बाकीच्या वाट्यांत सगळीच अनोळखी सॅम्पलं होती, ताडून बघायला काहीच नव्हतं. यंत्र सुटं होऊन ट्रकमध्ये गेलं होतं. खाण बुजली होती. थेंब संपला होता. कंट्रोल असता तर तिच्या सॅम्पलला वाटी मिळाली नसती आणि थेंब तरी नळीत शिल्लक राहिला असता. परीक्षकांकडे जाऊन, हात जोडून, दुसरा काही मार्ग मागता आला असता. बापानं तिला नाही म्हटलं असतं तर ती वाचली असती.

ती उठली. दारातली गर्दी पुढे सरकली. पुढे तोच बुरशीवाला मुलगा होता, त्याच्या डझनभर वाट्या त्या प्लेटमध्ये होत्या.

"प्लेट बाद आहे," लेक म्हणाली. अगदी काकांच्याच सुरात. "कंट्रोल नाही. कोणीही आपलं वाचू नका. नळ्यांत शिल्लक असेल त्यांनी बाहेरगावी पाठवा."

"कंट्रोल नाही म्हणजे? काकांच्या प्लेटमध्ये?" मुलगा हसलाच आधी. त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. पाठीमागून बाकीच्यांनीही बघितलं. एकेकजण मागे सरकला. भांडले असते तर बरं झालं असतं. लेक त्यांच्यातून वाट काढत, खोक्याला वळसा घालून निघून गेली. नळीत शिल्लक असणाऱ्यांत ती नव्हती, हे तिथं फक्त काकांना माहीत होतं.

दिवसभर मॅडम काय बोलल्या, नवं खोकं कधी फोडलं, काकांना नीटसं आठवत नव्हतं. संध्याकाळी ते बस सोडून चालतच घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. आज त्यांनी दुकानातून लवकर सुट्टी घेतली होती. केस नीट बांधले होते, टेबलावर धुतलेलं टेबलक्लॉथ अंथरलं होतं.

"कालच दुकानात फोन आला होता पोरीचा, निकाल येईपर्यंत मी मुद्दामच बोलले नाही. बाबांनी वाटी दिली म्हणाली. रडत होती वेडी," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद काकांनी कित्येक दिवसांत बघितला नव्हता. "आज आल्यापासून दार लावून बसलीय. लिहीत असेल. अहो, मी तुम्हाला आजवर इतकं बोलले, ते सगळं मागे घेते. आयुष्यात एकदा तरी पोरीसाठी वाकलात."

काका उंबऱ्यातच उभे होते. लेकीच्या खोलीचं दार समोर दिसत होतं. आतून कसलाही आवाज येत नव्हता.

"कंट्रोल काढला मी," ते म्हणाले.

काकूंनी प्रबंध वाचला नव्हता. गोगलगायीची अक्षरं त्यांनी कधी बघितली नव्हती. पण या टेबलाशी त्यांनी त्या माणसासोबत अर्धं आयुष्य जेवून काढलं होतं. त्यांचा हात टेबलक्लॉथच्या सुरकुतीवर तसाच राहिला.

"तिच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान हलवली. मग दोघंही त्या बंद दाराकडे बघत राहिली. जाऊन ते वाजवायचं धैर्य दोघांनाही होईना.